माशीचं माप

१२ जानेवारी

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगावं की नाही तेच ठरत नव्हतं. आता ठरलं. मला पुन्हा दिवस गेलेत. चौथा महिना लागला.

लगेच उड्या मारू नकोस, इथे कुणी मारलेल्या नाहीत. ह्यांना सांगितलं, तर एखाद्या लिफ्टमधून नवाच आवाज यावा तसे थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बरं. जड उचलू नकोस." जन्मभर लिफ्टा दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची! कारखान्यात फक्त मालकांना माहीत आहे, कारण कापडाचे तागे मी उचलणार नाही हे त्यांना सांगावंच लागलं. शेजारीपाजारी पत्ता लागू दिलेला नाही. मागच्या दोन्ही वेळा अभिनंदनाला आणि मग सांत्वनाला तीच माणसं आली होती, आणि त्याच खुर्च्यांवर बसली होती.

तुला एक विचारायचं आहे. धीर मागत नाही, धीर देणारे आमच्या जिन्यात मजल्यागणिक आहेत. पहिली आठव्या महिन्यात गेली. दुसरा तर दिवस भरलेले असताना. चांगला मोठा, गुटगुटीत, नर्ससुद्धा म्हणाली, केवढा आहे हो! फक्त रडला नाही. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी." सात वर्षांत मला मिळालेलं उत्तर एवढंच. अगं, कारखान्यात एखादा कोट बिघडून आला तर मी तो उलटा करून बघते आणि सांगते, हा कापताना बिघडला की शिवताना. माझ्या मुलांचं कुणी उलटून बघितलं नाही.

तू दिवसभर भिंगाला डोळा लावून अंड्यात काय घडतं ते बघतेस. आई म्हणायची, एवढी शिकली आणि शेवटी माश्या मारायला लागली. मला त्या माश्यांवरूनच सांग. आत काय बिघडतं? मला कळेल असं लिही, पण लपवून लिहू नकोस.

ह्या वेळी मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय. सहाव्या महिन्यात रक्ताच्या तपासण्यांना बोलावलं आहे. ते सांगतील ते सगळं मी करणार आहे.

तुझी,
ताई

२५ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. उड्या मारू नकोस म्हणालीस म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या मारल्या. भाऊजींनाही माझ्यातर्फे एक उडी सांग, त्यांना मारता येत नसली तरी.

आणि तू माझ्या कामाचं विचारलंस म्हणून आणखी एक! आपल्या घरात "तू तिथे नेमकं करतेस काय" असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. माणसांचं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते. माझा संसार फळमाश्यांशी, पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, त्या चिलटाएवढ्या. पण आतली यंत्रं तीच बरं का. निसर्ग महाकंजूष आहे. एकदा जमलेलं यंत्र तो टाकून देत नाही. माशीत तेच, तुझ्यामाझ्यातही तेच.

तर ऐक. पेशीत किनेज नावाची प्रथिनं असतात. त्यांचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवायचा. तो चिकटला की ते दुसरं जागं होतं आणि तिसऱ्याला चिकटवतं, तिसरं चौथ्याला. तुमच्याकडे मालक मुकादमावर ओरडतात, मुकादम तुझ्यावर, तू मदतनिसावर, आणि मग कुठे मशीन फिरतं, तसंच. सगळं शरीर ह्या ओरडाआरड्यावर घडतं. कुठे डोळा, कुठे पंख, कुणी वाढायचं, कुणी थांबायचं.

माझं किनेज अंड्याच्या कातडीवर सगळीकडे पसरलेलं असतं, पण त्याला जागं करणारा फक्त दोन टोकांना भेटतो. म्हणून एका टोकाला डोक्याचा शेंडा होतो आणि दुसऱ्या टोकाला शेपूट. हे किनेज बिघडलेलं असलं तर दोन्ही टोकं होतच नाहीत, मधलं धड तेवढं उरतं. पिल्लू अंड्यातच मरतं. ह्या किनेजचं नावही टॉर्सो आहे, म्हणजे धडच.

आणि गंमत पुढेच आहे. हे किनेज पिल्लू स्वतः तयार करत नाही. आई अंडं घडवतानाच ते त्यात भरून ठेवते. आईत ते बिघडलेलं असलं तर आई स्वतः ठणठणीत असते. खाते, उडते, चारचौघींसारखी भरपूर अंडी घालते, आणि त्यातलं एकही फुटत नाही. बाप कितीही चांगला असो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

मी ह्याच माश्या पाळते. पत्र लांबलं, पण तूच विषय काढलास. तब्येतीला जप.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आधी शब्द अडत होते. मग कापायच्या टेबलाशी उभी असताना एकदम उलगडलं.

आम्ही कापडाचे थर एकावर एक रचतो, वर कागदी माप ठेवतो, खडूने आखतो आणि मशीन फिरवतो. कापडात दोष असला तर एखादा नग वाया जातो. शिवणारी कच्ची असली तर तिच्या हातचे तेवढे जातात. पण कागदच चुकीचा कापलेला असला तर थरातला एकूण एक नग वाया. कापड कितीही भारी आणा, शिवणारीने कितीही जीव काढला, तरी कॉलर गळ्याशी जुळत नाही. म्हणजे तुझ्या त्या मादीत कागदच चुकलेला. मी बरोबर समजले का?

दोनच गोष्टी विचारते. ती दिसायला चारचौघींसारखीच असते म्हणालीस, मग तिला ओळखता कशावरून? आणि ओळखल्यावर तिच्यावर काही उपाय आहे का, की नाही? हातातलं काम टाकून लिही असं म्हणत नाही, पण लवकर लिही.

इकडे बाकी ठीक. हॉस्पिटलच्या गाउनची मोठी ऑर्डर आहे. दिवसभर हिरवं कापड कापते, घरी आले तरी डोळ्यांपुढे हिरवंच.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

बरोबर समजले का म्हणे! शंभरपैकी शंभर! माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना हे गळी उतरवायला महिना जातो आणि तू कापायच्या टेबलाशी उभ्या उभ्या उलगडलंस. "कागदच चुकलेला" हे मी उद्यापासून वर्गात सांगणार, आणि तुझं नावसुद्धा सांगणार नाही, बघ कशी आहे मी.

ओळखतो कशावरून? मादीकडे बघून काहीच कळत नाही. अंड्यांवरून कळतं. एका खेपेची सगळी मेली तर योगायोग म्हणता येईल. पुढच्या खेपेचीही मेली तर मग दोष मादीतच. खात्री करायला आम्ही नर बदलूनही बघतो. काही फरक पडत नाही.

उपाय नाही. अंडं एकदा पडलं की संपलं, बाहेरून कितीही लाड करा. चांगलं खायला घालून, थंडाव्यात ठेवून सगळं करून झालेलं आहे. काम झालं की तिला स्पिरिटच्या बाटलीत टाकतो. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात ती बाटली कायम असते, तळाशी काळा गाळ साचलेला. पाहुणे तिला बघून नाक मुरडतात, पण काय करणार, जागा नाही तेवढी.

तुला हे सगळं लिहिताना मला किती बरं वाटतंय! दवाखान्यातलं ठीक आहे ना सगळं?

तुझी,
भिंगरी

६ एप्रिल

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. मध्ये लिहिलं नाही, काही विशेष नव्हतं. दवाखान्याचा प्रश्न मिटला, तू काळजी करू नकोस.

सातवा चालू आहे. पोट मागच्या वेळेसारखंच मोठं आहे, टेबलाला टेकतं, त्यामुळे हात लांब करून कापावं लागतं. उकाडा वाढलाय आणि तहान अशी लागते की विचारू नकोस. मशीनशेजारी पाण्याचा कॅन ठेवलाय. शिवणाऱ्या मुली चिडवतात, मास्तरीणबाईंच्या पोटात विहीर आहे म्हणून. मग त्याच हिशेबाने उठायचं आणि मोरी गाठायची, रात्रीसुद्धा. ह्यांची झोपमोड नको म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपते.

एक सांगू? मी आता शांत आहे. सात वर्षांत इतकी शांत नव्हते. ज्याचं कारण कळलेलं असतं ते सोसता येतं. आईला वाटायचं तुझ्या शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग नाही. मला झाला.

तुझी,
ताई

२८ एप्रिल

प्रिय ताई,

उशिराबद्दल कान धर माझा. एका लेखाचं शेपूट वळवळत होतं, ते कालच तुटलं. तू शांत आहेस हे वाचून मीही शांत झाले. मला वाटत होतं, तू रोज दवाखान्याच्या चकरा मारून जीव टांगून घेतला असशील.

तहानेचं काय सांगतेस, इथेही भट्टी पेटलीय. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या साखऱ्याने तर पंखा स्वतःकडे वळवून घेतलाय. साखऱ्या म्हणजे आमच्यातलाच एक. तो अळ्यांना मरेस्तोवर गोड खायला घालतो म्हणून हे नाव. इन्सुलिनचा निरोप घेणारं प्रथिन पेशीच्या दारात असतं ना, तेही किनेजच, माझ्याच्या भावकीतलं. गोड खाऊन खाऊन त्याच्या अळ्या इन्सुलिनला बहिऱ्या होतात. दारात निरोप्या ओरडत असतो, आत कुणी ऐकत नाही, आणि साखर रक्तात साचून राहते. मी त्याला म्हणते, तुझं किनेज भुसार दुकानातलं, माझं घडवणारं. आमचं भांडण चालूच असतं.

लेख छापून आला की धाडते. तुला त्यातली चित्रं आवडतील.

तुझी,
भिंगरी

४ मे

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. हे पत्र हातात पडेल तेव्हा असशील तशी ऊठ आणि दवाखान्यात जा. रक्तातली साखर तपासायला सांग. आजच्या आज.

काल चहा पिताना मी साखऱ्याला तुझी विहिरीची गंमत सांगत होते. त्याने कप खाली ठेवला. विचारलं, रात्री उठते का? हो म्हटलं. आधीची मुलं किती मोठी होती? मी तुझंच वाक्य सांगितलं, गुटगुटीत, केवढा आहे हो. तो म्हणाला, "तुझी बहीण आहे आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" पोटुशीपणी काही बायकांच्या अंगाला इन्सुलिन ऐकू येईनासं होतं. आईची साखर वाढते, ती नाळेतून मुलाला जाते, मूल फुगत जातं आणि शेवटच्या महिन्यांत एकाएकी जातं. माशीत नाही, ताई, माणसात. बायकांत. आणि ह्याला इलाज आहे. पथ्य आणि इंजेक्शन, बस्स. बायकांना धडधाकट मुलं होतात.

सहाव्या महिन्यात तपासणीला बोलावलं होतं ना तुला? तेव्हा साखर बघितली असेलच, मग मी उगाच घाबरतेय. पण बघितली होती का, ते लिही.

मी कारखान्याच्या ऑफिसात फोन केला. मालक म्हणाले, निरोप देतो. मी तो त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. संध्याकाळी पुन्हा केला तेव्हा म्हणाले, दिला, बाई हो म्हणाल्या. तरी हे लिहिते आहे.

भिंगरी

१९ मे

मेहुणीस,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

चौदा तारखेला सकाळी तुझ्या ताईने मला उठवलं आणि म्हणाली, हलत नाही. दवाखान्यात नेलं. मुलगी होती. आधीच गेलेली. वजन फार होतं, त्यामुळे त्रास झाला. ताई जिवंत आहे. अजून तिथेच ठेवलं आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर साखर खूप निघाली. त्यांनी मला विचारलं, सहाव्या महिन्यात बोलावलं होतं, का आणलं नाहीत? मला माहीत नव्हतं. मला ती जाऊन आले म्हणायची. मी रोज कामावर जाताना विचारायचो आणि ती हो म्हणायची.

मार्चपासून ती मला म्हणत होती, तुम्ही दुसरं लग्न करा, माझ्यात कागदच चुकलेला आहे. नर बदलून उपयोग नसतो म्हणे, मादी बदलावी लागते. मला वाटलं, पोटुशी बाई काहीबाही बोलते. मी हसण्यावारी नेलं. काल विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, भिंगरीने. तिच्याकडे खात्री करून घेतली मी.

तू असं लिहिलं होतंस का? एवढंच कळव.

सध्या येऊ नकोस. हे ती म्हणत नाही, मी म्हणतो.

भाऊजी

२७ मे

ती. भाऊजींना,

सा. न. तुमचं पत्र मिळालं. मला काय झालं ते लिहीत नाही, त्याला काही किंमत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी असं लिहिलेलं नाही. मी माश्यांबद्दल लिहिलं होतं. माणसांचं मला कळत नाही हे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, हवं तर काढून बघा. तिने माझ्या कामाचं विचारलं, मी कामाचं सांगितलं. माशीचं सांगितलेलं एखादीने स्वतःच्या अंगाला लावून घेतलं तर सांगणारीने काय करायचं? आणि रोज एका छपराखाली राहून तुम्हाला कळलं नाही, ते मला इतक्या लांबून कसं कळावं? निरोपही दिला होता मी. मालक म्हणाले, बाई हो म्हणाल्या.

ताईला माझा नमस्कार सांगा.

भिंगरी

१५ जून

प्रिय ताई,

भाऊजींना मी जे पत्र लिहिलं ते त्यांनी तुला वाचून दाखवलं नसेल अशी आशा आहे. दाखवलं असेल तर ते फाडून टाक. त्यात लिहिलंय ते खोटं नाही, पण लाज वाटावी असं आहे.

तुझी पत्रं मी पुन्हा वाचली. तू कामाचं विचारलंच नव्हतंस. तुझ्या मुलांचं विचारलं होतंस, सरळ, नाव घेतल्यासारखं. मी पत्र उघडलं आणि त्यात मला माझ्या माश्याच दिसल्या. तू दोन खेपांचं सांगितलंस आणि मी लिहिलं, दुसरी खेपही मेली तर दोष मादीतच. अगं, कुणी दुष्टाव्याने लिहायचं म्हटलं तरी इतकं नेमकं सुचलं नसतं. आणि मी वर शंभरपैकी शंभर दिले.

उपाय नाही असं लिहिलं, तेही धड खरं नव्हतं. ज्या अंड्यात आईने ते घातलेलं नाही, त्यात बारीक सुईने बाहेरून घालता येतं. काही पिल्लांना टोकं येतात. आमच्याकडे एकजण तेच करायचा. लिहिलं असतं तर आणखी पानभर झालं असतं, म्हणून लिहिलं नाही.

कंजूष निसर्गाचं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना मी, यंत्रं तीच म्हणून? यंत्रं तीच आहेत, पण माशीचा आजार तुझा नव्हे. माशीचं अंडं बाहेर पडतं आणि आईशी त्याचा संबंध तुटतो. जे द्यायचं ते तिने आधीच दिलेलं असतं. तुझं मूल आठ-नऊ महिने तुझ्याकडून घेत होतं. रोज काहीतरी करता येण्यासारखं होतं. हा फरक आमच्याकडे पहिल्या वर्गाला शिकवतात. मीच शिकवते.

मला रागाव. भाऊजींसारखं येऊ नकोस म्हण. पण काहीतरी लिही. तू निरोपाला हो म्हणालीस आणि गेली नाहीस, ते का? मला दुसरं काही सुचत नाही, दिवसभर तेवढंच डोक्यात आहे.

तुझी,
भिंगरी

८ जुलै

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं होतं. फाडलं नाही, ठेवलं आहे. त्यात तू खरी भांडलीस, लहानपणी भांडायचीस तशी. ह्यांचाही राग आता उतरलाय. परवा स्वतःच म्हणाले, मला रोज विचारता आलं, बरोबर जाता नाही आलं.

मी कामावर जायला लागले. वाकून कापता येत नाही म्हणून सध्या खडूने आखून देते, मशीन दुसरी चालवते. ह्यांनी तुला एक गोष्ट लिहिलेली नाही. रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली. डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक आहे, तरी बोलता बोलता त्या म्हणून गेल्या, पहिल्यापासून इंजेक्शनं घेतली असती तर तीनही खेपा सुखरूप झाल्या असत्या. मग माझं पांघरूण नीट करत राहिल्या. चांगल्या आहेत त्या. पुढच्या वेळी असं करा असं म्हणाल्या असत्या तर मला ओरडता तरी आलं असतं.

तू विचारलंस, निरोप मिळूनही का गेले नाही. मालकांनी स्वतः टेबलापाशी येऊन सांगितला होता, शब्दन् शब्द. मी हो म्हटलं आणि पुढचा थर कापायला घेतला. तुझं पत्रही वेळेत आलं. वाचलं. तेव्हा ती पोटात हलत होती.

भिंगरी, तू मला कारण दिलं होतंस. सात वर्षं मी त्या दोघांचं काय चुकलं ते शोधत होते, जड उचललं का, घसरले का, काय खाल्लं, कुणाला दुखवलं का. तू लिहिलंस आणि सगळं थांबलं. माझ्यात नव्हतं, म्हणून त्यांच्यात आलं नाही. आडातच नाही. त्यात कुणी काही करू शकत नव्हतं, मीसुद्धा नाही. मला झोप लागायला लागली. आणि मग तू लिहितेस, इलाज आहे, बायकांना धडधाकट मुलं होतात. म्हणजे ती दोघंही वाचली असती. कुणीतरी नुसतं बोटातून थेंबभर रक्त काढून बघितलं असतं तरी वाचली असती. हे मला ऐकायचं नव्हतं. मी दवाखान्यात गेले असते आणि त्यांनी साखर आहे म्हटलं असतं, तर ही वाचली असती, पण ती दोघं पुन्हा मेली असती. मी मेलेल्या दोघांना धरून बसले आणि जिवंत होती तिला जाऊ दिलं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू विचारलंस आणि तुला नेमकं लागतं.

तेव्हा शंभरपैकी शंभर तुझे तुला परत. कागद बरोबर होता. शिवणारी मीच होते.

तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण एवढ्यात नको. अजून कुणी समोर बसलं की मला त्या खुर्च्या आठवतात. पत्रं लिहीत जा. माश्या सोडून काहीही लिही, असं लिहिणार होते, पण माश्या सोडून तुझ्याकडे आहे काय? आणि खरं सांगायचं तर तू लिहितेस चांगलं. तिकडे त्या अंड्यांना सुईने टोकं येतात म्हणतेस, ते मला नीट सांग. कशी टोचतात, कोण टोचतं, पुढे ती पिल्लं उडतात का.

फक्त एक कर. दर पत्राच्या वर, तारखेच्याही आधी, ठळक अक्षरात लिहीत जा, हे माश्यांबद्दल आहे.

तुझी,
ताई